शिल्लकची चाल

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बॉयलरसाहेब अजून चांगले धडधाकट आहेत, त्यामुळे माझ्यावर ते बंधन नाही. परवाच मी त्यांना डोंबिवलीत पाहिलं. पण ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तुम्हाला वाटेल, ही बाई उगाच कडवट झाली आहे. कडवट तर मी झालेच आहे, पण उगाच नाही.

बॉयलरसाहेब हे नाव अर्थातच आम्ही पाडलेलं आणि पाठीमागे घ्यायचं. तोंडावर नुसतं ‘साहेब’. कल्याणच्या पलीकडे एका कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांच्याबरोबरच्या कोणी रिक्षा घेतली, कोणी गावाकडची वाट धरली, कोणी मुलाच्या घरी टीव्हीसमोर जाऊन बसलं. यांनी घोडे पाळले. कोलशेतला खाडीच्या अंगाला कोणाच्या तरी पडीक जमिनीवर पत्र्याची शेड ठोकली आणि तिला ते ‘पागा’ म्हणायला लागले. पागा म्हणावं असं तिथे काही नव्हतं. तीन-चार घोडे, पाण्याची टाकी, चिखल आणि डास. शिवाय दाराच्या पत्र्यावर खडूने लिहिलेले तीन शब्द, पावसात पुसले गेले की ते पुन्हा लिहायचे: खर्च भागिले अंतर.

मी जनावरांची डॉक्टर. कल्याणात माझा दवाखाना आहे. दिवसभर पॉमेरेनियन आणि लॅब्राडॉर, अधूनमधून कोणाची तरी म्हैस. घोड्याला हात लावायची वेळ शिकताना आली तेवढीच. त्यामुळे एका सकाळी फोनवर कोणीतरी कोरड्या आवाजात “घोडीचं पोट दुखतंय, या,” एवढंच बोलून पत्ता सांगितला, तेव्हा मी घाबरतच गेले. घोडी लोळत होती, उठत होती, स्वतःच्या कुशीकडे वळून बघत होती. मी इंजेक्शन दिलं, तिला फिरवायला सांगितलं, जबड्याखाली बोटं लावून नाडी मोजली आणि आकडा सांगितला. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चुकून जन्माला आले आहे.

“आकडा मला पण मोजता येतो,” ते म्हणाले. “उतरायला किती वेळ लागतो ते सांगा. दमलेल्याची नाडी वाढतेच, त्यात काय? कोण किती लवकर खाली येतं, तो खरा घोडा.”

त्या दिवसापासून मी महिन्यातून दोनदा-तीनदा कोलशेतला जायला लागले. घोडी बरी झाली तरी. माझा नवरा म्हणायचा, “फी मिळत नाही, चहा मिळत नाही, वर ऐकून घेतेस. काय आहे तिथे?” त्याला काय सांगणार! शिकवणाऱ्याला मीठभाकरीवर राहूनही शिकवायचा माज असतो ना, तसला माज मी तिथे पहिल्यांदा बघितला होता, आणि मला तो आवडला होता.

त्या तीन शब्दांमागचं त्यांचं म्हणणं साधं होतं. जनावर किती जोरात पळतं हे बघायला गर्दी जमते, किती कमी बळात पोचतं हे कोणी बघत नाही. लांब पल्ल्याच्या स्वारीत वेग हा मूर्खांचा विषय. घोड्याकडे चालणं आहे, दुडकी आहे, चौखूर धावणं आहे, आणि या प्रत्येकात एक वेग असा असतो की तिथे त्याचं कमीत कमी बळ खर्ची पडतं. त्याहून जोरात हाकला तरी दमतो आणि त्याहून हळू रोखून धरला तरी दमतो. चालता चालता वेग वाढत गेला की एका क्षणी चालणंच महाग पडायला लागतं, आणि तिथे घोडा आपणहून दुडकी धरतो. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. शिकवायला जातो तो माणूस, आणि नेमकी नको तिथे टाच मारतो.

“आपलं पण तसंच की,” मी एकदा म्हटलं. “बस सुटायला लागली की चालण्याचं पळणं होतंच.”

“बस सुटायला लागली की तुम्ही घाबरता, डॉक्टर. घोडी घाबरून चाल बदलत नाही. हिशेबाने बदलते.”

घोडबंदर रस्त्याच्या टॉवरांतली तरुण मंडळी रविवारी त्यांच्याकडे घोडेस्वारी शिकायला यायची. नवे बूट, नव्या टोप्या. साहेब पहिल्या दिवशी त्यांना खोगिरावर बसवायचे, लगामाला गाठ मारून ती घोड्याच्या मानेवर टाकून द्यायचे आणि सांगायचे, “हात मांडीवर. काही करायचं नाही. ती चाल बदलेल तेव्हा ‘बदलली’ म्हणून ओरडायचं.” दोन-दोन रविवार हेच. आयटीतला एक मुलगा वैतागून म्हणाला, “सर, हे तर बसून राहणं झालं. आम्ही रायडिंग शिकायला आलोय.”

“मग आधी ओझं व्हायला शिका,” साहेब म्हणाले. “घोड्याच्या लेखी तुम्ही तेच आहात.”

तो मुलगा पुन्हा आला नाही. बहुतेक जण पुन्हा यायचे नाहीत. साहेबांना त्याचं काहीच वाटायचं नाही, निदान चेहऱ्यावर तरी नाही. शब्दसुद्धा ते जपून खर्चायचे. ‘नमस्कार’ म्हणायचे नाहीत, मान हलवायचे. फोन ‘हॅलो’शिवाय सुरू व्हायचा आणि ‘ठेवतो’शिवाय बंद व्हायचा. एकदा मी गाडी दुरुस्तीला टाकली होती म्हणून आम्ही दोघं रिक्षाने स्टेशनकडे निघालो. माजिवड्याच्या पुलाखाली गर्दीत रिक्षा गुरगुरत, थांबत-सरकत चालली होती. साहेब डोळे मिटून इंजिन ऐकत बसले होते. अचानक पुढे वाकून म्हणाले, “गिअर बदल. रडतेय ती.”

“काका, माझी गाडी हाय, मला कळतंय,” रिक्षावाला म्हणाला.

“तुला कळतं, तर तिला का रडवतोस?”

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. “मॅडम, ह्यांना पुढं बसवू का? चालवू दे त्यांनाच.” साहेब मात्र गंभीर. त्याने दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकला तेव्हा “आता बरोबर,” म्हणून पुन्हा डोळे मिटले. उतरताना रिक्षावाल्याने हसून मला विचारलं, “मेकॅनिक हायेत का?” मी म्हटलं, हो, घोड्यांचे.

आता शिल्लकबद्दल सांगायला हवं. पोट दुखत होतं ती हीच घोडी. रंगाने राखाडी, मारवाडी जातीची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली. तिचं नाव त्यांनी ‘शिल्लक’ ठेवलं होतं. पल्ला संपल्यावर जनावराच्या अंगात काय शिल्लक उरतं तेवढंच खरं, बाकी सगळं दिखाऊ, असं ते म्हणायचे. ती जन्मतःच एक वेगळी चाल घेऊन आलेली. मारवाडी घोड्यांत काहींना ती असते, रवाल म्हणतात तिला. दुडकीत स्वार वरखाली आपटतो, रवालमध्ये घोडा जमिनीला चिकटून सरकत गेल्यासारखा जातो. चारही पाय वेगवेगळे पडतात, त्यामुळे टापांचा आवाज तुटत नाही. ती आवाजानेसुद्धा ओळखू यायची.

पाहुणा आला की साहेबांचा एकच खेळ. स्टीलचा पेला काठोकाठ चहाने भरायचा, तो हातात घेऊन शिल्लकवर बसायचं आणि खाडीच्या बांधावरून रवालने फेरी मारून यायचं. उतरल्यावर पाहुण्याला पेला दाखवायचा. चहा जसाच्या तसा. मग तो थंडगार झालेला चहा ते स्वतः प्यायचे. पाहुण्याला चहा नाही.

एका रविवारी त्यांची बायको आली होती. ती डोंबिवलीला राहायची, शाळेत नोकरी, साहेब आठवड्यातून एकदा घरी जायचे. ऊन मी म्हणत होतं. रिक्षा आत येत नव्हती म्हणून बाई मुख्य रस्त्यापासून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत आल्या. एकीत डबे, दुसरीत त्यांचे धुतलेले कपडे. घामाने चिंब, श्वास लागलेला. साहेब तेव्हा शिल्लकच्या नाकपुड्या बघत होते. “आज जरा जास्त फुलल्यात, नाही डॉक्टर?” बाई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. मी पाणी दिलं. त्या प्यायल्या आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, “माझं दमणं यांना कधी दिसलं नाही हो. माझे कान तसे नाहीत ना, आत वळलेले.”

साहेबांनी ऐकलं असणार. पण त्यांनी मान वर केली नाही. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांची बाजू घेतली. एवढ्या एकाग्र माणसाला संसार कसा जमणार, वगैरे. मोठ्या माणसांच्या बायकांबद्दल आपण सगळेच असला भंपकपणा करतो.

पण त्यांचा खरा राग पाहायचा तर वरातीचा विषय काढावा. कल्याणचा एक वरातवाला एकदा त्याची घोडी घेऊन माझ्याकडे आला, तिचे पुढचे दोन्ही पाय सुजलेले. मी तिला साहेबांच्या पागेत ठेवलं, कारण दवाखान्यात जागा नव्हती. ती घोडी नाचरी होती. म्हणजे ढोल वाजला की एका जागी उभी राहून पुढचे पाय आळीपाळीने उचलून आपटायची. नाचायला शिकवतात कसं, हे तो माणूस मोकळेपणाने सांगत होता. दोन्ही बाजूंनी आखडून बांधायचं, ढोल लावायचा आणि पायांवर काठी मारत राहायचं. पुढेपुढे काठी लागत नाही, नुसता ढोल पुरतो.

साहेब ऐकत उभे होते. त्यांचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. “हे जनावर चालायला केलंय रे! बॉयलर पेटवायचा आणि चाकं काढून ठेवायची? कोळसा जाळायचा आणि गाडी जागच्या जागी?”

“साहेब, लोकांना आवडतंय,” तो म्हणाला. “नुसती चालणारी घोडी कोण बोलवणार?”

“मग गाढवावर बसवा नवऱ्याला! चल, घे ही, आणि हो बाहेर.”

सूज उतरेपर्यंतसुद्धा त्यांनी तिला ठेवून घेतलं नाही. म्हणजे त्या घोडीचे पाय तसेच राहिले आणि साहेबांचं तत्त्व मात्र स्वच्छ राहिलं. हे मला फार उशिरा सुचलं.

मग एक दिवस जमीनमालकाने जमीन विकली. कोलशेतमध्ये त्या काळात रोज कोणी ना कोणी विकत होतंच. घेणारा बिल्डर तरुण होता, हसतमुख, पांढरे बूट घालून चिखलात उभा. पागा बघून तो खूश झाला. त्याला त्याच्या टॉवरांमध्ये काहीतरी वेगळं हवं होतं. पोहण्याचा तलाव सगळेच देतात. “अंकल, मागच्या कोपऱ्यात तुमचा तबेला ठेवूया ना. हॉर्स रायडिंग क्लब! पण काहीतरी नाव पायजे. कप-बिप जिंकलाय का घोड्याने?”

कप-बिप काही नव्हता. पण त्या हिवाळ्याच्या शेवटी कल्याणच्या पलीकडे, नदीकाठच्या कच्च्या रस्त्यांवर, लांब पल्ल्याची एक स्वारी होणार होती. घोडेप्रेमींनी भरवलेली, छोटीशीच. नियम नेहमीचे: टप्प्याटप्प्यावर थांबायचं, डॉक्टर नाडी बघणार, ठरलेल्या वेळात ती ठरलेल्या आकड्याखाली आली पाहिजे, नाहीतर घोडा बाद. शेवटची रेघ ओलांडल्यावरही हीच तपासणी. पहिला आलेला घोडासुद्धा नाडी उतरली नाही तर बाद. म्हणजे पत्र्यावरच्या त्या तीन शब्दांचीच परीक्षा. स्वार साहेब स्वतः होते. साठी उलटलेली, पण अंगावर मांस नाही. शिल्लकला ते जड नव्हते. शेवटच्या थांब्यावर, म्हणजे शेवटच्या रेघेशी, डॉक्टर म्हणून आयोजकांनी मला बसवलं. घोड्यांच्या नाडीत मला जे कळतं ते साहेबांनीच शिकवलेलं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

“ही स्वारी पूर्ण करून दाखवा,” बिल्डर म्हणाला होता. “मग जागा पक्की. ब्रोशरमध्ये फोटो टाकतो.”

त्या दिवसाइतकं सुंदर घोड्याचं काम मी कधी पाहिलेलं नाही. बाकीचे स्वार सुरुवातीलाच दुडकीने निघून गेले, दोघं-तिघं तर चौखूर. साहेब मागे. शिल्लक आपली सरकत चालली होती. पहिल्या थांब्यावरून फोन आला: पुढचे घोडे फेसाळून उभे, पाणी ओततायत, नाडी उतरेना. तिची आल्या आल्या खाली. दुसऱ्या थांब्यावर अर्धे बाद झाले होते. तिथल्या डॉक्टरने मला फोन केला, “ताई, तुझ्या साहेबांची घोडी आहे का स्कूटर? घामसुद्धा नाही.” मी शेवटच्या थांब्यावर एकटीच हसत होते. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असेल. पत्र्यावरचं वाक्य खरं ठरत होतं.

शेवटचा तुकडा सरळ होता, नदीला लागून. दुपार टळायला आलेली, ऊन अजून तापलेलं. मला आधी टापा ऐकू यायला लागल्या. रवालचा तो न तुटणारा आवाज. दिसायच्या आधी मी ओळखला. पुढे फक्त एक घोडा गेलेला, आणि तो लंगडत येऊन, बाद होऊन माझ्यासमोर उभा होता. म्हणजे साहेबांनी नुसतं यायचं होतं. चालत आले असते तरी चाललं असतं.

त्यांच्या शेजारून एक गाडी येत होती. काचा खाली, बिल्डर खिडकीतून अर्धा बाहेर, हातात मोबाईल. मी ऐकलं, स्पष्ट ऐकलं. “अंकल, भगाव ना! व्हिडिओ घेतोय! असं काय, बैलगाडी हाय का?” गाडीतले सगळे हसले.

आणि टापांचा आवाज बदलला.

मला आधी पटेचना. मग धुळीतून शिल्लक दिसली, मान ताणलेली, पोट जमिनीकडे, चौखूर. साहेब पुढे ओणवे झाले होते. टाच मारत होते. मी ज्या माणसाला रिक्षाचा गिअर उशिरा बदलला तरी कळवळताना पाहिलं होतं, तो माणूस दिवसभर चाललेल्या घोडीला भर उन्हात, मोबाईलसमोर, काही गरज नसताना पळवत होता. रेघ ओलांडली तेव्हा गाडीतून टाळ्या पडल्या.

पाणी ओतलं. खोगीर उतरवलं. सावलीत नेलं. मी जबड्याखाली बोटं लावली.

“उतरली?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

पुन्हा पाणी. घोडीच्या कुशी भात्यासारख्या चालल्या होत्या, हिरड्या लाल. वेळ संपत आला. मी स्टेथोस्कोप लावून पाहिलं, पुन्हा बोटांनी पाहिलं.

“उतरली?”

“नाही, साहेब.”

“परत मोजा.”

“परतच मोजली.”

ते माझ्या अगदी जवळ आले. बिल्डर झाडाखाली थंडा पीत उभा होता, त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, “मग जरा कमी मोजा.”

“साहेब, तुम्ही सांगताय हे?”

“संध्याकाळपर्यंत ती दाणा-चंदी खाईल, बघाल तुम्ही. तिला काही होणार नाही. पण जागा जाईल, डॉक्टर. जागा गेली तर हिला कुठे नेऊ ते आधी सांगा. मग लिहा तुमचा आकडा.”

मी खरा आकडा लिहिला. शिल्लक बाद. बिल्डरला नियम समजावून सांगावे लागले, तो म्हणाला, “अरे, पण पळाली ना मस्त?” मग थोडा विचार करून, खांदे उडवून, “पण फेल झालेला घोडा ब्रोशरमध्ये कसा टाकणार, अंकल?” संध्याकाळी शिल्लकने खरोखरच चंदी खाल्ली, पोटभर, असं आयोजकांकडून कळलं. ते दाखवायला साहेबांनी मला बोलावलं नाही. त्यानंतर त्यांनी मला कधीच बोलावलं नाही.

मला पश्चात्ताप झाला का, असं नवऱ्याने विचारलं होतं. अजिबात नाही. आजही तोच आकडा लिहीन. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्यांनी आयुष्यभर जगाला तुच्छ लेखलं, शिकायला आलेल्या पोरांना ओझं म्हटलं, सुजल्या पायांच्या घोडीला हाकलून दिलं, बायकोचा श्वास लागलेला बघितला नाही, आणि हे सगळं मी त्या तीन शब्दांसाठी माफ करत गेले. ते शब्द त्यांनी एका टवाळ वाक्यावर, ‘बैलगाडी’ म्हटल्यावर, पुसून टाकले. वर मला सांगितलं की उरलेलं तुम्ही पुसा.

पावसाळ्याआधी पागा पाडली. घोडे एकेक करून गेले. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि मुख्य दाराशी पुढचे दोन पाय हवेत उचललेला फायबरचा पांढरा घोडा आहे. लहान मुलं त्याच्याबरोबर फोटो काढतात.

आता परवाचं. माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस मुलीच्या भावाचं लग्न होतं, डोंबिवलीत. वरात हॉलच्या वाटेवर, संध्याकाळची वेळ, डीजेची गाडी पुढे, पोरं नाचतायत. नवरदेव घोडीवर. घोडीच्या अंगावर जरीची झूल, कपाळावर आरसे, पायांत घुंगरं, आणि ती जागच्या जागी पुढचे पाय उचलून आपटत होती. एक, दुसरा, एक, दुसरा. मी नजर दुसरीकडे वळवणार होते. पण झुलीच्या वर तिचे कान दिसले, टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली.

लगाम धरून साहेब उभे होते. डोक्यावर भाड्याचा गुलाबी फेटा.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. त्यांनी मला ओळखलं, नेहमीसारखी मान हलवली. मी काही न बोलता शिल्लकच्या जबड्याखाली बोटं लावली. सवयच ती.

“मोजू नका,” ते म्हणाले.

“हे काय आहे, साहेब?”

“त्या वरातवाल्यानेच घेतली. दुसरं कोणी घेईना. म्हटलं, मला पण ठेवणार असशील तर देतो.” डीजेमुळे त्यांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडायची त्यांना सवय नव्हती. “तिकडे तिला बिजली म्हणतात.”

“आणि नाचायला कोणी शिकवलं?”

“मी.”

ते माझ्या कानाशी वाकले. “दुसऱ्याने काठीने शिकवलं असतं, डॉक्टर. मी हाताने शिकवलं. वेळ लागला.”

मला दया यायला हवी होती, आणि आलीही असेल, पण तोंडातून आलं ते वेगळंच. मी म्हटलं, “मग याचा हिशेब कसा लागतो तुमचा? खर्च भागिले अंतर?”

साहेबांनी घोडीच्या पायांकडे बघितलं. रस्त्याच्या त्याच तुकड्यावर ते पडत होते, डांबरावर तुटलेली घुंगरं सांडली होती.

“अंतर शून्य,” ते म्हणाले. “शून्याने भागता येत नाही.”

गाणं संपलं. पोरं घाम पुसत बाजूला झाली, डीजेची गाडी थोडी पुढे सरकली. साहेबांनी लगाम सैल सोडला, इतका सैल की तो नुसता हातात होता. आणि शिल्लक निघाली. काही पावलंच, पण ती रवालने निघाली. नवरदेवाच्या मुंडावळ्या हलल्यासुद्धा नाहीत. तो मोबाईलमध्ये बघत होता, त्याला काही कळलं नाही. साहेब तिच्या बाजूने चालत होते, माझ्याकडे पाठ करून, आणि त्यांची मान किंचित कलली होती, टापा ऐकायला कलायची तशी.

मग पुढचं गाणं लागलं. साहेबांनी लगाम आखडला.